साबणासाठी सिलिकॉनचा साचा: नंदीची एक बाजू चिकट का राहिली?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या घरी कोल्ड प्रोसेसचे (तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून) आणि सोप बेसचे (तयार बेस वितळवून), असे दोन्ही साबण करतात. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे विदर्भातल्या मुलांच्या पोळ्यासाठी, नंदीच्या आकाराचे साबण करावेत म्हणून त्यांनी एकास एक मिसळायचं पारदर्शक लिक्विड सिलिकॉन किलोभर मागवलं. मुलांचा लाकडी नंदी शाळेच्या रंगीत क्लेमध्ये अर्धा दाबला, भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले आणि मे महिन्यातल्या दुपारी दोन्ही भाग मिसळून ओतले. ओतता ओतताच मिश्रण भांड्यात घट्ट व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी साच्याचा वरचा भाग छान रबरासारखा झाला होता, पण क्लेला टेकलेली बाजू चिकट होती आणि नंदीच्या पाठीवर बुडबुड्यांची भोकं होती. आता सिलिकॉन बदलावं, टिनच्या जातीचं घ्यावं, की चूक दुसरीच काही आहे, असं त्या विचारतात.

ताई, सिलिकॉन चांगलं आहे, ते फेकू नका. प्रमाण चुकलं असतं तर साचा सगळीकडून चिकट राहिला असता. ढवळण्यात कसर राहिली असती तर चिकट पट्टे दिसले असते, आणि तेही जिथे भांड्याच्या कडेचं मिश्रण पडलं तिथे. तुमच्याकडे चिकटपणा फक्त क्लेच्या बाजूला आहे. म्हणजे क्लेमधल्या कशाने तरी सिलिकॉनला जमू दिलं नाही, द्रवाचं रबर होऊ दिलं नाही. ते ‘कशाने तरी’ बहुतेक वेळा गंधक असतं. मुलांच्या बऱ्याच तेलकट क्लेमध्ये ते असतं आणि लॅटेक्सच्या हातमोज्यांतही असतं. घट्ट होण्याची घाई आणि बुडबुडे हा वेगळा दोष, तो नागपूरच्या मे महिन्याचा. दोन्हींवर उपाय आहे. आधी हे सिलिकॉन मुळात काय आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचा माल घेतानाही फसगत होणार नाही.

साच्यासाठी बाजारात मिळणारं दोन भागांचं सिलिकॉन दोन जातींचं असतं. पहिली जात टिनची. डब्यात पांढरट दाट द्रव आणि सोबत छोट्या बाटलीत टिनचं कॅटालिस्ट, म्हणजे द्रवाला जमवणारं द्रव्य. वजनाने शंभर भागांना दोन, तीन किंवा पाच भाग, काही मालांत दहा भाग कॅटालिस्ट लागतं. ते जमताना त्यातून अल्कोहोल बाहेर पडतं आणि जेवढं बाहेर पडलं तेवढा साचा आक्रसतो. हा आक्रस साधारण अर्धा टक्का, कधी एक टक्क्यापर्यंत जातो. जमायला त्याला हवेतला ओलावाही लागतो. स्वस्त पडतं, कुठल्याही मास्टरवर (ज्यावरून साचा काढायचा त्या वस्तूवर) बिनतक्रार जमतं, पण काही वर्षांनी साचा न वापरताही कडक होत जाऊन फाटायला लागतो.

दुसरी जात प्लॅटिनमची, तुमची तीच. एकास एक, किंवा काही मालांत दहास एक. जमताना यातून काहीच बाहेर पडत नाही, म्हणून आक्रस ०.१ टक्क्याहूनही कमी. उष्णता सोसतं, वर्षानुवर्षं टिकतं, त्वचेला आणि अन्नाला चालणारे ग्रेड याच जातीत मिळतात. महाग असतं, आणि सोवळं फार पाळतं. गंधक, टिन, अमाइन, लॅटेक्स, थ्रीडी प्रिंटरचं रेझिन, अर्धवट वाळलेली इपॉक्सी पुट्टी, यांतल्या कशाचाही स्पर्श झाला की तेवढ्या जागी ते जमतच नाही. आठवडाभर थांबा, भट्टीत ठेवा, चिकट ते चिकटच राहतं. टिनच्या सिलिकॉनला वापरलेला कप पुसून पुन्हा घेतला तरी एवढं पुरेसं होतं.

साबणासाठी माझं मत स्पष्ट आहे: प्लॅटिनमच घ्या. टिनच्या कॅटालिस्टमध्ये ऑरगॅनोटिन, म्हणजे टिनची अपायकारक सेंद्रिय संयुगं असतात. मेणबत्ती, पीओपी, सिमेंटच्या कुंड्या यांना त्याने बिघडत नाही. पण अंगाला लावायची वस्तू, तीही अल्कलीत भिजलेली, एक-दोन दिवस साच्यात बसणार असेल तर मी टिन सुचवणार नाही. दुसऱ्याला विकायच्या साबणासाठी तर नाहीच. बाथरूमच्या फटी भरायच्या ट्यूबमधलं सिलिकॉन कॉर्नफ्लोअरमध्ये मळून साचा करण्याची युक्तीही सांगितली जाते. त्या ट्यूबमधून बहुधा व्हिनेगरसारखा वास येतो, कारण जमताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं. बारीक नक्षी त्यात उतरत नाही आणि वास साबणाला लागतो. त्या वाटेला जाऊ नका.

माल घेताना बाटलीवरच्या फुलांच्या चित्राकडे नको, टेक्निकल डेटा शीटकडे बघा. ती मागा, आणि देत नसतील तर तो माल घेऊ नका, मग तो नागपूरच्या इतवारी बाजारातला असो की ऑनलाइन. शीटवर चार आकडे बघायचे. पहिला शोर ए, म्हणजे जमल्यावर रबर किती कडक. दहा असेल तर साचा लुसलुशीत होतो, बाहेर फुगतो, लवकर फाटतो. नंदी, फुलं, देवाचा मुखवटा अशा उठावाच्या कामाला १५ ते २५ बरोबर. सपाट वडी, आयताकृती कप्पे यांना ३०. चाळीसच्या साच्यातून नाजूक साबण काढताना साचा वाकत नाही, साबण मोडतो. दुसरा आकडा दाटपणाचा, सेंटीपॉइजमध्ये. व्हॅक्यूम पंप नसेल तर वीस हजारांच्या आतलंच घ्या, पंधरा हजारांच्या आत मिळालं तर उत्तम. तिसरा पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यापासून ओतण्याजोगं किती वेळ राहतं. चौथा साचा उघडायची वेळ.

पॉट लाइफच्या आकड्यात नागपूरकर हमखास फसतात. शीटवर ३० मिनिटं लिहिलेली असतात, पण ती २३ ते २५ अंशांची. ठोकताळा असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेळ निम्मी होते. खोलीत ४३ अंश असतील तर तीस मिनिटांची साडेसात-आठ मिनिटं होतात. त्यातली पाच ढवळण्यातच जातात. उरलेल्या वेळात बुडबुडे वर येणार कधी आणि ओतणार कधी? तुमच्या नंदीच्या पाठीवरची भोकं यातूनच आली. हवा वर निघून जायच्या आत सिलिकॉन घट्ट झालं. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ ते ६० मिनिटांचं हळू जमणारंच घ्यावं. सहा मिनिटांचं ‘फास्ट’ लिहिलेलं थंडीतही नवख्या हाताला झेपत नाही.

उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर पहाटे पाच-सहाला करा. आदल्या रात्री दोन्ही बाटल्या झाकण घट्ट लावून माठाच्या पाण्याच्या घमेल्यात उभ्या ठेवा. कोरड्या हवेत माठाचं पाणी पंचविशीच्या आसपास उतरतं आणि सिलिकॉनला तेच हवं. पहाटे बाटल्या बाहेरून खडखडीत पुसा, मगच उघडा. फ्रीज टाळलेला बरा. गार सिलिकॉन मधासारखं दाट होतं, बुडबुडे धरून ठेवतं, आणि पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेली बाटली उघडली की आत दव धरतं. प्लॅटिनम सिलिकॉनच्या एका भागात असे घटक असतात की ओलावा लागला तर वायू सुटून साच्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. कूलरच्या झोतात ओतू नका, ओली हवा आणि धूळ दोन्ही उडून येतात. थंडीत नेमका उलटा त्रास. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा प्लॅटिनम सिलिकॉन सकाळपर्यंत जमत नाही. ते बिघडलेलं नसतं. उबदार खोलीत ठेवलं की जमतं.

आता मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा ती मूळ वस्तू. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मास्टरवर जे असेल ते सिलिकॉन जसंच्या तसं उचलतं. बोटाचा ठसा, ब्रशचा केस, सँडपेपरचा ओरखडा, सगळं. मास्टर चकचकीत असेल तर सोप बेसचा साबण काचेसारखा चमकतो, मास्टर मळका-खरखरीत असेल तर साबणही तसाच निस्तेज निघतो. सुंदर साबण हवा असेल तर आधी नंदीवर हात फिरवा. डोळे बंद करून बोटाला जे खुपेल ते साबणावर दिसेल.

लाकूड सच्छिद्र असतं. त्यातली हवा सिलिकॉन जमेपर्यंत हळूहळू बाहेर येत राहते आणि बरोबर पृष्ठभागावर अडकते. म्हणून ते सील करायचं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात ते फर्निचरचं पॉलिश याला उत्तम. पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, शेवटचा हात दिल्यावर एक रात्र जाऊ द्या. पीओपीच्या मास्टरलाही हेच, पण पीओपी आधी आतून कोरडं हवं. नंदी ऑइलपेंटने रंगवलेला असेल तर रंग पूर्ण वाळलेला हवा आणि वर स्वच्छ ॲक्रिलिक स्प्रेचे दोन हलके हात हवेत. मग चाचणी घ्या. दोन्ही भाग पाच-पाच ग्रॅम मिसळा, थेंबभर नंदीच्या पोटाखाली, जिथे दिसणार नाही तिथे लावा, थेंबभर पाटावर आणि थेंबभर वापरणार त्या मातीवर. शीटवरच्या वेळेनंतर नखाने उचलून बघा. कोरडं सालीसारखं निघालं तर पुढे जा. बोटाला चिकटलं तर त्या वस्तूला आणखी सील तरी करा, नाहीतर ती बदला. दहा ग्रॅमच्या खर्चात अर्धा किलो वाचतं.

क्लेच्या जागी डब्यावर सल्फर-फ्री असं लिहिलेली मॉडेलिंग क्ले घ्या. ती मिळाली नाही तर मूर्तिकारांची पाण्यात मळलेली माती चालते. नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत गणपती-नंदी घडवतात ती शाडू किंवा साधी चिकणमाती घट्ट मळा, पृष्ठभाग ओल्या बोटाने गुळगुळीत करा, वरचा ओलावा सुकू द्या आणि ॲक्रिलिक स्प्रे मारा. पार वाळवू नका, तडे जाऊन सिलिकॉन आत शिरेल. हातमोजे नायट्राइलचे घाला. लॅटेक्सचे नको, घरकामाचे रबरी तर मुळीच नको.

तान्ह्या पोळ्याचा नंदी चार पायांवर, चाकांच्या पाटावर उभा असतो, शिंगं बाहेर काढलेली. तसाच्या तसा पूर्ण नंदी साबणात करण्याचा मोह आवरा. साचा निघेल, पण साबणाचे पाय आणि शिंगं साच्यातच राहतील. अर्धा उठाव करा, बाजूने दिसणारा नंदी. पायांमधली पोकळी मातीने भरून पायांपेक्षा तीन-चार मिलिमीटर खोल अशी सपाट करा, म्हणजे पाय साबणाच्या पाठीला जोडलेले राहतील. शिंगाच्या मागची जागाही अशीच भरून घ्या. झूल, घुंगरमाळ, डोळा यांची नक्षी मात्र जेवढी खोल तेवढी चांगली. कुठेही आतल्या बाजूला वळलेली खाच, ज्याला अंडरकट म्हणतात, दिसली की ती मातीने बुजवा. कोवळा साबण अंडरकटमधून अखंड सुटत नाही.

चौकटीला सनमायका लावलेला प्लाय किंवा ॲक्रिलिक शीट वापरा. सांधे बाहेरून ग्लू गनने बंद करा. सिलिकॉन केसाएवढ्या फटीतूनही रात्रभर ठिबकत राहतं, सकाळी अर्धा साचा जमिनीवर असतो. मास्टर तळाला पक्का बसवा, नाहीतर हलकं लाकूड सिलिकॉनमध्ये तरंगून वर येतं. मास्टरपासून चौकट सगळीकडे एक सेंटिमीटर दूर आणि सर्वात उंच भागावर एक सेंटिमीटर थर, एवढं पुरतं. पाच मिलिमीटरच्या भिंती कोल्ड प्रोसेसच्या वजनाने फुगतात आणि नंदी जाडजूड निघतो. काचेवर किंवा चिनी मातीवर कधीही थेट सिलिकॉन ओतू नका, त्यांना ते घट्ट धरतं. तिथे व्हॅसलिनचा पातळ थर हवा. दोन भागांचा साचा करताना जमलेल्या सिलिकॉनवर नवं ओतायचं असेल तेव्हाही व्हॅसलिन हवंच, नाहीतर दोन्ही एक होऊन जातात आणि सुरीशिवाय सुटत नाहीत.

सिलिकॉन किती लागेल ते अंदाजाने ठरवू नका. चौकटीत मास्टर बसवून झाला की हव्या त्या उंचीपर्यंत कोरडा राजगिरा भरा. मग तो मापाच्या भांड्यात ओता. जेवढे मिलिलिटर भरले तेवढं सिलिकॉन हवं. त्याला १.१ ने गुणलं की ग्रॅम येतात, कारण साच्याचं बहुतेक सिलिकॉन पाण्यापेक्षा थोडं जड असतं. नेमकी घनता शीटवर असतेच. समजा ३४० मिलिलिटर आले. त्याचे ३७४ ग्रॅम, भांड्याला चिकटणारं पाच-सात टक्के धरून ४०० ग्रॅम. म्हणजे दोन्ही भाग दोनशे-दोनशे. राजगिऱ्याचा कण आत राहू देऊ नका, मऊ ब्रशने झाडा.

चौकटीचा आकारही खिशाशी निगडित आहे. उदाहरणार्थ, संत्र्याच्या आकाराचा साबण करायचा आहे. सात सेंटिमीटर व्यासाच्या संत्र्याचा अर्धा गोल घ्या. त्याचं आकारमान ९० मिलिलिटर, साबणही तेवढ्याच ग्रॅमचा, हातात बसेल असा. चौरस चौकट केली, नऊ बाय नऊ आणि साडेचार उंच, तर सुमारे ३०० ग्रॅम सिलिकॉन लागतं. तेच नऊ सेंटिमीटर व्यासाच्या गोल प्लॅस्टिकच्या डब्याचा तळ कापून चौकट म्हणून वापरला तर २१५ ग्रॅममध्ये काम होतं. संत्रं अर्धं कापायचं नाही, रस वाहील. प्लायमध्ये सात सेंटिमीटरचं भोक पाडून त्यात अख्खं संत्रं बरोबर कमरेपर्यंत बसवा, फट सल्फर-फ्री क्लेने भरा. सालीवर तेल असतं, म्हणून स्पिरिटने पुसून ॲक्रिलिकचे दोन हात द्या आणि वेळ न घालवता ओता. साल सुरकुतायच्या आत साचा व्हायला हवा. पण ते बारीक खळगे साबणावर उतरलेले बघितले की पुन्हा कुणी कृत्रिम संत्रं मास्टरला घेणार नाही.

मोजमाप वजनानेच करा, शीटवर आकारमानाने म्हटलं असेल तरच मापाने. टिनसाठी २१५ ग्रॅमला तीन टक्के म्हणजे साडेसहा ग्रॅम कॅटालिस्ट. एक ग्रॅमच्या घरातला किचनचा काटा इथे पंधरा टक्क्यांची चूक सहज करतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्याच. एकास एकमध्ये दोन-चार ग्रॅमने विशेष फरक पडत नाही, तिथे मिसळणं महत्त्वाचं. आणि प्लॅटिनममध्ये ‘लवकर जमावं’ म्हणून एक भाग जास्त घातला तर ते लवकर जमत नाही, मऊ आणि चिकट राहतं. टिनमध्ये कॅटालिस्ट वाढवलं तर लवकर जमतं खरं, पण साचा ठिसूळ होतो आणि महिन्यांतच फाटतो. पातळ करायला सिलिकॉन तेल घालायचा सल्ला मिळेल. त्याने रबराची ताकद जाते आणि तेल साबणावर उतरतं. घालू नका.

दोन्ही बाटल्या उघडण्याआधी हलवून घ्या, कारण भरणद्रव्य तळाशी बसलेलं असतं. सपाट काठीने भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत तीन मिनिटं ढवळा, फेटू नका. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओता आणि तिथे आणखी एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेला जो थर राहतो तो साच्यात जाऊ नये म्हणून हे कप बदलणं. पहिल्या कपाची कड खरवडून साच्यात घालायचा मोह होतो, आणि चिकट पट्टे नेमके तिथूनच येतात.

आता ओतण्याआधी एक काम, जे नवखे टाळतात. दोन-तीन चमचे सिलिकॉन मऊ ब्रशने मास्टरवर लावा. नंदीचा डोळा, घुंगरांच्या खाचा, झुलीची किनार, प्रत्येक खळग्यात ब्रशचं टोक घालून गोल फिरवा. खळग्यात अडकलेली हवा पारदर्शक थराखाली चकाकणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते. टाचणीने टोचा, ठिपका विझतो. साच्याच्या आतल्या पृष्ठभागावर राहिलेल्या प्रत्येक बुडबुड्यात पुढे साबण भरतो आणि नंदीच्या अंगावर चामखिळीसारखा उठून दिसतो. तो प्रत्येक साबणावर, साचा असेपर्यंत, त्याच जागी. म्हणून इथली पाच मिनिटं वाया जात नाहीत. मग उरलेलं सिलिकॉन चौकटीच्या एकाच, सर्वात खोल कोपऱ्यात, फूटभर उंचीवरून सुतळीएवढ्या धारेने ओता. धार बारीक झाली की बुडबुडे ताणून फुटतात. सिलिकॉनला स्वतःहून मास्टरवर चढू द्या. भरल्यावर टेबलाला खालून पाच मिनिटं हलके ठोके द्या.

व्हॅक्यूम पंप असेल तर भांडं मिश्रणाच्या चौपट-पाचपट मोठं घ्या. हवा ओढली की सिलिकॉन दुधासारखं उतू येतं, मग खाली बसतं. खाली बसल्यावर आणखी एक-दोन मिनिटं ठेवून थांबा. पण कमी दाट सिलिकॉन, ब्रशचा थर आणि बारीक धार एवढ्यावर साबणाचे साचे पंपाशिवाय निर्दोष निघतात. त्यासाठी पंप विकत घेऊ नका.

शीटवरच्या वेळेपेक्षा दीडपट वेळ दिल्यावर साचा उघडा. प्लॅटिनमचा साचा ६० अंशांवर दोन तास ठेवला की पूर्ण पक्का होतो. मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत एवढी उष्णता मिळू शकते, थर्मामीटर ठेवून खात्री करा. टिनचा साचा मात्र कधीही गरम पेटीत बंद करू नका. अल्कोहोल आत कोंडलं तर जमलेलं रबर पुन्हा मऊ पडतं. तो दोन दिवस हवेशीर जागी उघडा ठेवायचा. नंतर कात्रीने कडा छाटताना कुठेही टोकदार काप सोडू नका, फाटण्याची सुरुवात अशा कापातूनच होते.

साचा झाल्यावर साबणाच्या दोन जाती साच्यात दोन प्रकारे वागतात. सोप बेस ५५ ते ६० अंशांवर ओता, वर स्पिरिटचा फवारा मारा, बुडबुडे जातात. जमल्यावर फार तर दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. जास्त ठेवलं तर बाहेर काढताच ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून थेंब धरतं. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत हे फ्रीझरशिवायही होतं, म्हणून साबण साच्यातून निघाला की लगेच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा.

कोल्ड प्रोसेसला सिलिकॉनमध्ये वेळ लागतो, कारण लाकडी साच्यासारखी इथे हवा लागत नाही, पाणी आत कोंडून राहतं. लाकडात एका दिवसात निघणारी वडी इथे दोन दिवस, नक्षी असेल तर तीन-चार दिवस मागते. घाई केली की नंदीचं नाक साच्यात राहतं. पाणी कमी ठेवा. कॉस्टिक सोड्याच्या दुप्पट पाणी पुरे, म्हणजे द्रावण ३३ टक्क्यांचं. तेलाच्या वजनाच्या दोन टक्के सोडियम लॅक्टेट थंड झालेल्या द्रावणात घातलं तर साबण लवकर कडक होतो. तरीही मऊ वाटला तर साच्यासकट दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. काढताना चारी कडा बाहेर ओढून साबण आणि साचा यांच्यात हवा शिरू द्या, मग पालथा करून मागून दोन्ही अंगठ्यांनी दाबा. एका बाजूने सोलत जाऊ नका.

बॅटर, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचं मिश्रण, मंद ट्रेसला, म्हणजे नुकतंच दाटू लागलं की ओता. घट्ट झालेलं बॅटर घुंगरांत शिरत नाही. ४० अंशांपुढच्या खोलीत साच्यातला साबण स्वतःच्या उष्णतेने आणखी तापतो, आणि पृष्ठभागावर घामोळ्यासारखे बारीक खड्डे पडतात. उन्हाळ्यात पांघरूण घालू नका, दूध किंवा मध असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. कॉस्टिकचं गरम, घट्ट द्रावण करायला सिलिकॉनचं भांडं कधी वापरू नका. तयार बॅटर सिलिकॉन सोसतं, निखळ गरम अल्कली त्याला हळूहळू खाते.

संत्र्याच्या तेलाबद्दल खास सावध करतो. त्यातलं लिमोनीन सिलिकॉनमध्ये शिरतं, साच्याला फुगवतं आणि वास मुरतो. साबणात मिसळलेल्या तीन टक्क्यांनी साचा खराब होत नाही, पण नंतर त्यातल्या मोगऱ्याच्या साबणाला संत्र्याचा वास येतो. संत्र्याचा साचा वेगळाच ठेवा. वास काढायचा असेल तर रिकामा साचा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. धुवायला कोमट पाणी पुरे, तारेची घासणी नको. ठेवताना सपाट ठेवा, वर वजन नको. वाकडा ठेवलेला साचा वाकडे साबण देतो.

आता तुमच्या चिकट साच्याचं. तो दुरुस्त होत नाही, टाकून द्या. नंदीवर राहिलेला चिकटा आधी कोरड्या फडक्याने, मग रॉकेलच्या बोळ्याने, शेवटी स्पिरिटने पुसा. नंदीला आधीची लाख असेल तर ती स्पिरिटने सुटेल, पण नवी लावायचीच आहे. क्लेचा कण राहू देऊ नका. बाटल्यांत उरलेलं सिलिकॉन घरातल्या गार कोपऱ्यात, झाकणं घट्ट लावून ठेवा. पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर बाटलीवरच्या तारखेआधीच ते दाट होईल. पोळा श्रावण अमावास्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. कोल्ड प्रोसेसचा साबण किमान चार आठवडे मुरायला हवा, म्हणजे आषाढी अमावास्येच्या आत शेवटचा नंदी साच्यातून निघालेला हवा. एका साच्यातून तीन-चार दिवसांनी एकच नंदी मिळतो. वीस नंदी हवे असतील तर त्याच मास्टरवरून चार-पाच साचे काढा, आणि पहिला साचा पाऊस लागायच्या आधी, पहाटेच्या गारव्यात ओता.